पंचवीस चेंडू आणि साडेसातशे युरो

बेन्फिकाच्या अकादमीवरचा कुठलाही लेख उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक यादी येतेच. जुआंव फेलिक्स, अ‍ॅटलेटिको माद्रिदला, १२ कोटी ६० लाख युरो. रुबेन दियास, मँचेस्टर सिटीला, ६ कोटी ८० लाख. गोन्सालो रामोस, पॅरिस सें-जर्मेंला, साडेसहा कोटी. जुआंव नेवेस, तोही पॅरिसलाच, सहा कोटींच्या आसपास. यादी संपली की खाली निष्कर्ष असतो: ही युरोपातल्या सर्वोत्तम अकादम्यांपैकी एक आहे. निष्कर्ष चुकीचा नाही. पण पुरावा म्हणून जे जोडलंय ते बिल आहे.

(उच्चाराचं एकदा सांगून टाकतो. इंग्रजी समालोचक त्याला 'जाओ' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ते 'जुआंव'च्या जवळ जातं. गोव्यातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. ज्यांच्या नावाने तिथे जूनमध्ये लोक डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, त्या सांजांवमधला 'जांव' तो हाच.)

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या फाटकावर दर वर्षी एक फ्लेक्स लागायचा. टाय लावलेले हसरे चेहरे, प्रत्येकाखाली कंपनीचं नाव आणि पॅकेजचा आकडा. चार वर्षांत वर्गात काय घडलं, कोणी काय शिकवलं, याचा त्यावर मागमूस नसायचा. फ्लेक्स बघून कॉलेज निवडणारे आई-बाप मला कळतात, त्यांच्यापुढे दुसरं काही ठेवलेलंच नसतं. पण फुटबॉलवर लिहिणाऱ्यांपुढे नव्वद-नव्वद मिनिटांचे अख्खे सामने असतात. तरी ते फ्लेक्सच वाचून दाखवतात, हे मला खटकतं. म्हणून इथे यादी बाजूला ठेवून आधी एक संघ बघू.

२५ एप्रिल २०२२. स्वित्झर्लंडमधलं न्यों गाव, जिनिव्हा सरोवराच्या काठचं कोलोव्रे नावाचं छोटेखानी मैदान, रस्त्यापलीकडे युएफाचं मुख्यालय. युएफा युथ लीगचा, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या एकोणीस वर्षांखालच्या संघांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना. बेन्फिका विरुद्ध साल्झबर्ग. निकाल ६-०.

हा आकडा फसवा आहे. त्यावरून वाटतं की समोर लिंबूटिंबू होते. ते तसे नव्हते. साल्झबर्गच्या पोरांनी उपांत्य सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदला ५-० ने उडवलं होतं, तर बेन्फिका युव्हेंटसशी २-२ बरोबरी करून पेनल्टींवर जेमतेम निसटून आली होती. शिवाय बेन्फिकाच्या पाठीवर ओझं होतं. २०१३-१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली, त्या पहिल्याच वर्षी ते अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून ३-० ने हरले. २०१७ मध्ये याच साल्झबर्गकडून २-१. २०२० मध्ये राऊल प्रशिक्षक असलेल्या रिआल माद्रिदकडून ३-२, रामोसने दोन गोल करूनही. त्यात पोर्तोने २०१९ मध्ये चेल्सीला ३-१ ने हरवून पोर्तुगालमध्ये हा करंडक पहिल्यांदा आणण्याचा मानही हिरावून घेतला होता. बेन्फिकाच्या मोठ्या संघाचं तर विचारूच नका; १९६२ नंतर ते युरोपातले आठ अंतिम सामने खेळले आणि आठही हरले. घरातल्या मोठ्यांचे असे इतिहास पोरांच्या कानावर पडतच असतात.

त्या संघात मागे मधोमध तोमाश आराउजो आणि अंतोनियो सिल्वा. मधल्या फळीत मार्तिम नेतो आणि शेर न्दूर. कडेने पळणारा दिएगो मोरेरा. टोकाला मादेइरा बेटावरून आलेला एन्रिक आराउजो. सतरा वर्षांचा जुआंव नेवेस त्या मोसमाच्या चमूत होता, पण संघ त्याच्याभोवती बांधलेला नव्हता. प्रशिक्षक लुईश कास्त्रो.

मला त्या सामन्यातलं आवडतं ते मध्यंतरापर्यंतचं २-०. दोन्ही गोल मधल्या फळीचे, नेतो आणि न्दूर. नऊ नंबरवाल्याचा अजून एकही नाही. पहिल्यांदा बघताना हे जाणवत नाही, कारण आपण युवा सामने 'पुढचा स्टार कोण' या एका प्रश्नाने बघतो आणि नजर आपोआप टोकावरच्या पोराला चिकटते. दुसऱ्यांदा बघताना त्याच्यावरून नजर काढली की कळतं, साल्झबर्गचे बचावपटूही त्यालाच चिकटलेत, आणि त्यांनी सोडलेल्या जागेत मागून येणारे मोकळे शिरतायत. दुसऱ्या अर्ध्यात आराउजोने तीन गोल केले, एक लुईश सेमेदोने. मथळ्यात हॅट्ट्रिकवालाच आला. पण त्याचा पहिला गोल होण्याआधी सामना फिरलेला होता, आणि तो फिरवण्यात त्याचं काम न दिसणारं होतं.

युवा संघाची समीक्षा करायची तर या न दिसणाऱ्या कामापासून सुरू करावी असं मला वाटतं. कारण विक्रीच्या यादीत ते कुठेच मावत नाही. दोन खेळाडूंच्या मधल्या जागेची किंमत लावता येत नाही. विकताना एकेकालाच विकावं लागतं.

आता ही पोरं घडतात ती जागा. तेजो नदीच्या उत्तर काठावर लिस्बन, दक्षिण काठावर सेइशाल. लिस्बनहून फेरीबोटीने जाता येतं. सेइशाल हा कष्टकऱ्यांचा भाग. इथे मुंदेत नावाची बुचाची मोठी फॅक्टरी होती, जवळच पोर्तुगालचा राष्ट्रीय पोलाद कारखाना १९६१ मध्ये उभा राहिला. बुचाची फॅक्टरी बंद पडली. आणि २००६ मध्ये इथे बेन्फिकाचं प्रशिक्षण संकुल उघडलं: मैदानं, वसतिगृह, जिम, प्रयोगशाळा. लांबून आलेली मुलं तिथेच राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. फॅक्टरीच्या गावात अकादमी आली म्हटल्यावर पत्रकारांना 'टॅलेंट फॅक्टरी' हा शब्द सुचणारच. सोपा आहे, मथळ्यात बसतो.

पोर्तुगीजमध्ये मात्र क्लबच्या या विभागाला 'फोर्मासांव' म्हणतात. शब्दशः घडण. मूर्तीची, दागिन्याची, माणसाची असते ती. या दोन शब्दांपैकी सेइशालला कोणता लागू पडतो हे मैदानावर तपासून बघता येतं. फॅक्टरीचा माल एकसारखा निघतो. सेइशालचे मधल्या फळीतले खेळाडू एका ओळीत उभे करा. रेनातो सांचेस अंगावर चालून जाणारा, चेंडू घेऊन पन्नास मीटर पळणारा. बर्नार्डो सिल्वा सडपातळ, डावखुरा, चेंडू पायाला शिवल्यासारखा. फ्लोरेंतिनो समोरच्याचा पास कुठे जाणार हे आधीच ओळखून तिथे उभा असलेला. नेवेस बुटका, तरी आपल्यापेक्षा हातभर उंच माणसाच्या डोक्यावरून हेडर मारणारा. यांच्यात साचा शोधायला गेलात तर हाती एवढंच लागेल की चेंडू येण्याआधी हे सगळे मान वळवून मागे बघतात, आणि चेंडू येतो तेव्हा अंग अर्धं वळलेलं असतं. बाकी ज्याचं त्याचं. लंगडीत तरबेज होती ती पोरगी खो-खोतही चपळ निघते, तसं काहीसं: एक मूळ सवय पक्की, पुढचं तिचं तिने शोधलेलं. ही घडण आहे. फॅक्टरी म्हणणाऱ्यांनी फॅक्टरी पाहिलेली नाही किंवा सामने.

माझ्या धंद्यातले लोक सेइशालबद्दल बोलायला लागले की '३६० एस'वर येतात. एक बंदिस्त खोली, मध्ये खेळाडू, यंत्रातून चेंडू वेगवेगळ्या बाजूंनी येतात, भिंतीवर लक्ष्य उजळतं आणि तिथे पास द्यायचा, यंत्र नोंद ठेवतं. व्हिडिओ बघायला मजा येते. पण ज्या मान वळवून बघण्याबद्दल मी वर बोललो, ती सवय या यंत्राच्या कितीतरी आधीच्या पोर्तुगीज पोरांतही दिसते. यंत्र मोजतं, आणि जे मोजलं जातं त्याचं श्रेय यंत्राला जातं. आमच्याकडे डॅशबोर्ड बनवणाऱ्या टीमलाही हे सुख लाभतं.

तर इथवर मी या अकादमीचा चाहता म्हणून बोललो. आता दुसरी बाजू.

बेन्फिकाची फुटबॉल कंपनी २००७ पासून लिस्बनच्या शेअर बाजारात आहे. त्यामुळे मोठी विक्री झाली की बाजार नियामकाला सूचना द्यावी लागते. फेलिक्सच्या वेळची, जून २०१९ मधली सूचना साहित्य म्हणून वाचण्यासारखी आहे. करारात सुटकेचं कलम १२ कोटींचं, आलेला प्रस्ताव १२ कोटी ६० लाखांचा. वरचे ६० लाख कशाचे, तर रक्कम हप्त्यांनी मिळणार होती म्हणून. आपण फ्रीज घेताना भरतो तेच. त्या मुलाने एप्रिलमध्ये फ्रँकफर्टविरुद्ध युरोपा लीगमध्ये एकोणिसाव्या वर्षी हॅट्ट्रिक केली होती आणि मेमध्ये क्लबला लीग जिंकून दिली होती. मोठ्या संघातला त्याचा तो पहिला मोसम. दुसरा आलाच नाही.

त्या लीगविजयामागची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण अकादमी आणि मोठा संघ एकाच वेलीवर असले की काय होतं ते त्या पाच महिन्यांत दिसलं. जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या संघाचा प्रशिक्षक गेला आणि बी संघाचे ब्रुनो लाज यांना वर बोलावलं. त्यांनी या पोरांना आधी शिकवलेलं होतं. त्यांनी फेलिक्स, फ्लोरेंतिनो, फेरो यांना मैदानात उतरवलं. फेब्रुवारीत नासियोनालविरुद्ध १०-०. मोसमाअखेर लीगमध्ये १०३ गोल. गोलांपेक्षा मला त्यातली ओळख महत्त्वाची वाटते. या पोरांना एकमेकांची धाव पाठ होती. अनोळखी माणसांच्या संघाला जो पास देण्याआधी क्षणभर थांबावं लागतं, तो क्षण इथे वाचत होता. नंतर फेलिक्स गेला आणि पुढच्या मोसमातच लाजही गेले.

त्याच्या पाच वर्षं आधी उलटं चित्र होतं. बर्नार्डो सिल्वा बेन्फिकाच्या मोठ्या संघाकडून अधिकृत सामने खेळला ते तीन. तीनच. २०१४ मध्ये तो मोनाकोला गेला, आधी लोनवर, मग साधारण १ कोटी ५७ लाख युरोंना. त्याच उन्हाळ्यात जुआंव कान्सेलो वालेन्सियाला. त्या काळात बेन्फिका लीग जिंकत होती, बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या जिवावर, म्हणून कोणी फारसं विचारलं नाही. पुढे २०२०-२१ मध्ये मँचेस्टर सिटीने इंग्लिश लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये एडर्सन, बचावात दियास आणि कान्सेलो, पुढे बर्नार्डो. चौघेही कधी ना कधी सेइशालच्या फाटकातून आत गेलेले. बेन्फिकाला जो संघ कधी उतरवता आला नाही, त्याचा पाठकणा मँचेस्टरमध्ये उभा होता. मे २०२५ मध्ये म्युनिकला पॅरिसने इंटरला ५-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हाही तेच: नेवेस आणि रामोस सेइशालचे, विटिन्हा पोर्तोच्या २०१९ च्या त्या युवा पिढीतला, नुनो मेंदेस स्पोर्टिंगच्या आल्कोशेते अकादमीचा. लिस्बनच्या कॅफेत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तीन क्लबांची पोरं एकत्र आली, आणि त्यासाठी पैसा लागला कतारचा.

'मग विकू नका' असं म्हणणं सोपं आहे. पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या जरा वर, मुंबई शहरापेक्षा कमी. तिथल्या लीगला टीव्हीचे पैसे किती मिळणार? बेन्फिका घरची पोरंच विकते असंही नाही. दार्विन नुनेस स्पेनमधल्या अल्मेरियाहून २ कोटी ४० लाखांना आणला, दोन वर्षांनी लिव्हरपूलला साडेसात कोटींना दिला. एन्झो फर्नांडिस अर्जेंटिनाहून आला आणि सहा महिन्यांत चेल्सीला गेला, १२ कोटींच्या वर. व्यापार हा क्लबचा स्वभाव झालाय, आणि व्यापारात ते हुशार आहेत. काही काळ तर खेळाडूच्या हक्कांचे वाटे करून गुंतवणूकदारांना विकायची पद्धतही पोर्तुगालमध्ये होती. फिफाने २०१५ मध्ये ती बंद केली. पोराच्या पायाची टक्केवारी, डिव्हिडंडसकट.

आणि न विकणं म्हणजे आपोआप पुण्य, असंही नाही. युसेबियो डिसेंबर १९६० मध्ये मोझांबिकहून लिस्बनला आला. १९६१ आणि ६२ मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या बेन्फिकाकडे बघा: कर्णधार जोझे आग्वाश अंगोलात जन्मलेला, मधल्या फळीचा कणा कोलुना मोझांबिकचा, गोलरक्षक कोश्ता परेरा तिथलाच, ६२ मध्ये त्यात युसेबियो. अकादमी नव्हती तेव्हा वसाहती होत्या. युसेबियो बेन्फिकात १९७५ पर्यंत राहिला, आणि आजचे चाहते त्याला निष्ठा म्हणतात. पण ती पंधरा वर्षं जवळजवळ सगळी हुकूमशाहीतली होती, आणि इतक्या मोठ्या खेळाडूला तेव्हा निवड किती होती हा प्रश्न कोणी निष्ठेच्या लेखात घालत नाही. ती राजवट २५ एप्रिल १९७४ ला संपली. पोर्तुगालमध्ये तो दिवस स्वातंत्र्याचा सण आहे. न्योंमधला ६-० त्याच तारखेला झाला, बरोबर ४८ वर्षांनी. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. फक्त नेवेस पदार्पणानंतर वीस महिन्यांत पॅरिसला गेला म्हणून हळहळताना ही तारीख मला आठवते. जाता येणं ही मोठी गोष्ट आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने जावं की नाही हे मी बसल्या जागेवरून ठरवणार नाही. मी स्वतः तीन वर्षांत दोन नोकऱ्या बदलल्यात.

तर मग माझा आक्षेप नक्की कुठे आहे? तो रेनातो सांचेसच्या गोष्टीत आहे.

रेनातो लिस्बनच्या कष्टकरी वस्तीत वाढला, आई-वडील केप व्हर्द आणि साओ तोमे या जुन्या वसाहतींतून आलेले. मुशगेइरा नावाच्या वस्तीत आगियाश दा मुशगेइरा, म्हणजे मुशगेइराचे गरुड, हा छोटा क्लब आहे. रेनातो तिथे पहिल्यांदा रीतसर खेळला. नऊ वर्षांचा असताना, २००६ मध्ये, बेन्फिकाने त्याला नेलं. त्या बदल्यात मुशगेइराला काय मिळालं हे पोर्तुगीज वर्तमानपत्रांनी नंतर छापलं आणि ते जगभर गेलं: साडेसातशे युरो आणि पंचवीस चेंडू. २०१६ मध्ये बायर्न म्युनिकने बेन्फिकाला त्याच रेनातोचे साडेतीन कोटी युरो मोजले, वर कामगिरीप्रमाणे आणखी. त्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा रेनातो पोर्तुगालकडून युरो कप जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला.

ही गोष्ट सगळीकडे गंमत म्हणून सांगितली जाते. काय सौदा होता बघा! मला त्यातली यंत्रणा बघावीशी वाटते, सवय आहे. फिफाचा एक नियम आहे: खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला की रकमेतला ५ टक्के हिस्सा त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांत वाटायचा. चांगला नियम. पण त्यात घडण मोजायची ती बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत. रेनातो नवव्या वर्षी बेन्फिकात गेला होता. म्हणजे ज्या मैदानावर त्याला पहिल्यांदा कोणीतरी 'पास दे रे' म्हणून ओरडलं, त्या मैदानाला या नियमातून छदामही नाही. मोठ्या क्लबांनी पोरं बारा वर्षांच्या आत उचलली की नियम आपोआप निष्प्रभ होतो. कोड लिहिणाऱ्याला अशी फट दिसली की तो तिला बग म्हणतो. जिला तिचा फायदा होतो ती बाजू तिला फीचर म्हणते.

हे फक्त बेन्फिकाचं पाप नाही. स्पोर्टिंग आणि पोर्तोही लहान वयातच पोरं शोधतात. स्पोर्टिंगने तर मादेइराहून बारा वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोला आणून आपलं केलं, आणि आता आल्कोशेतेची अकादमी त्याच्या नावाने ओळखली जाते. २०१६ च्या युरो अंतिम सामन्यात पोर्तुगालकडून मैदानात उतरलेल्या १४ जणांपैकी १० जण स्पोर्टिंगच्या अकादमीतून गेलेले होते, हे स्पोर्टिंगवाले दर वाक्याला सांगतात. त्यांच्याही आधी कोणीतरी होतंच. रोनाल्डोच्या आधी आंदोरिन्या नावाचा फुंशालचा छोटा क्लब होता. 'आमच्या अकादमीने घडवलं' या वाक्यात मोठा क्लब कर्ता असतो आणि मागचे सगळे कर्ते गळतात. बिलाच्या भाषेला तेवढीच जागा असते. समीक्षेनेही तीच भाषा उचलली तर मुशगेइरा कोणाच्या लेखात येणार?

बेन्फिकात यावर कोणी विचार करत नसेल असं नाही. २०२१ पासून अध्यक्षपदी आहे तो रुई कोश्ता. हा स्वतः बेन्फिकाच्या युवा संघातून आलेला. १९९१ मध्ये लिस्बनमध्ये वीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्धची निर्णायक पेनल्टी त्याने मारली. तीन वर्षांनी क्लबला पैसे हवे होते आणि त्याला फिओरेंटिनाला विकलं. १९९६ मध्ये फिओरेंटिना मैत्रीपूर्ण सामन्यासाठी लिस्बनला आली, त्याने बेन्फिकावर गोल केला आणि तिथेच रडला. इटलीत बारा वर्षं काढून तो परतला, २००८ मध्ये निवृत्त झाला. आज सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या पहिल्या कराराच्या फोटोत शेजारी तो उभा असतो, आणि त्या करारांत सुटकेच्या कलमाचा आकडा बऱ्याचदा नऊ अंकी असतो. विकला गेलेला माणूस विक्रीवर सही करतो, याचं त्याला काय वाटत असेल हे मला माहीत करून घ्यायला आवडेल. क्लबच्या पत्रकांत ते सापडत नाही.

२०२२ च्या त्या अकरा जणांकडे परत येऊ. शेर न्दूर २०२३ मध्ये करार संपवून पॅरिसला गेला आणि तिथून लोनवर फिरत फिओरेंटिनात पोचला. मोरेरा चेल्सीला गेला, मग स्ट्रासबर्गला स्थिरावला आणि बेल्जियमकडून खेळू लागला. सेमेदो संडरलँडला गेला. हॅट्ट्रिकवाला एन्रिक आराउजो लोनवर गेला, आधी वॉटफर्डला, मग फामालिकांवला, मग अरोकाला. आयटीत याला क्लायंट साइटवर पाठवणं म्हणतात. माणूस आपलाच असतो, फक्त आपल्याकडे कधी नसतो. युथ लीगच्या अंतिम सामन्यात तीन गोल करणाऱ्याची अशी वणवण झाली की लेख लिहिणारे 'पुढे चमकला नाही' असं अर्ध्या ओळीत उरकतात. मला ते अर्धं वाक्य पटत नाही. त्याचं ज्यात मोल होतं ते काम, बचावपटूंना स्वतःकडे ओढून इतरांना जागा करून देणं, ते ओळखीच्या माणसांतच जमतं. मागून नेतो आणि न्दूर धावत येणार हे ठाऊक असेल तरच ती जागा उपयोगाची. दर सहा-बारा महिन्यांनी संघ बदलणाऱ्या नऊ नंबरवाल्याला कोणाची धाव पाठ होणार? त्याची किंमत उतरली असेल. त्याचा खेळ उतरला की त्याच्या भोवतीचा खेळ काढून घेतला, हे विचारायला हवं.

सेइशालने पोरांना एकत्र खेळायला शिकवलं. क्लबने त्यांना एकेकटं विकलं, लोनवर पाठवलं, काहींना फुकट जाऊ दिलं. यादीवाले लेख या दोन गोष्टींना एकच यश समजतात. माझ्या मते पहिलं काम युरोपात फार थोडे जण इतकं चांगलं करतात, आणि दुसरं काम पहिल्याच्या विरुद्ध दिशेला ओढतं. दर मोसमात.

एक तुकडा शिल्लक राहिला. अंतोनियो सिल्वा त्या अंतिम सामन्यानंतर चार महिन्यांत मोठ्या संघात आला, त्याच वर्षी विश्वचषकाच्या चमूत गेला. तोमाश आराउजो लोनवर जाऊन परतला आणि २०२४-२५ मध्ये त्यालाही नियमित जागा मिळाली, कधी मधोमध, कधी उजव्या कडेला. त्या मोसमातले चॅम्पियन्स लीगचे सामने यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांत मिळतात. गोलांचे भाग पुढे ढकला आणि चेंडू मागे असतानाची मिनिटं बघा. तोमाश उजव्या कडेला गेलेला असतो, अंतोनियो मधोमध चेंडू घेऊन उभा असतो, समोरून कोणीतरी अंगावर येतं, आणि अंतोनियो न बघता चेंडू तिकडे सरकवतो.